कोजागिरी, पाऊस आणि एक बिल

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



शाळेत असताना मला इतका वेळ बोलायची परवानगी कधीच मिळाली नाही. "उभा राहा" एवढंच कानावर यायचं, "बोल" असं कुणी म्हणत नसे. आज दोन्ही एकदम मिळालंय, त्यामुळे थोडं सांभाळून घ्या.

संयोजकांनी मला विषय दिला, 'आपल्या तुकडीच्या सहलींच्या गमतीजमती'. गमतीजमती पुष्कळ आहेत, पण त्यांतल्या बहुतेक बाईंसमोर सांगण्यासारख्या नाहीत. म्हणून मी एकच सहल निवडली आहे. लोधिवलीची, कोजागिरीची, पावसात भिजलेल्या ऑर्केस्ट्राची. तिचे फोटो तुम्ही सगळ्यांनी आपल्या ग्रुपवर पाहिलेत. डोक्यावर पातेलं घेऊन नाचणारा मी, पत्र्याखाली दाटीवाटीनं उभे राहून गाणारे पंचवीस-तीस जण, खाली 'अविस्मरणीय!!!' असं तीन उद्गारचिन्हांसकट. आज मला त्या फोटोंत नसलेली गोष्ट सांगायची आहे.

आधी ऑर्केस्ट्रा या शब्दाबद्दल. आपल्या लहानपणी ऑर्केस्ट्रा म्हणजे काय होतं, आठवतंय? गणपतीत नाहीतर नवरात्रात जुन्या मुंबई-पुणे हायवेच्या कडेला फळकुटांचं स्टेज, त्यावर चमचमणारे कोट, एक अकॉर्डियन, कोंगो, आणि निवेदकाचा तो घसा बसलेला आवाज. चौकपासून मोहोपाड्यापर्यंत कुठेही ऑर्केस्ट्रा असला की आपण घरून पोतं घेऊन निघायचो आणि पहिल्या रांगेत बसायला संध्याकाळी सहालाच हजर व्हायचो. सिनेमाची गाणी समोर बसून ऐकायची तेवढीच सोय होती.

पुढे नोकरीनिमित्त मुंबईत राहिल्यावर मला कळलं की या शब्दाच्या मागे फार मोठी माणसं उभी आहेत. गोव्यातल्या माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे हिंदी सिनेमातले नामवंत व्हायोलिनवादक आणि संगीत-संयोजक. लक्ष्मीकांत-प्यारेलाल जोडीतले प्यारेलाल त्यांच्याकडे व्हायोलिन शिकले. १९५८ साली त्यांनी मुंबईत आपल्या वादकांना घेऊन भारतीय रागांवर आधारलेला मोठा सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला. त्याचा कार्यक्रम झाला सेंट झेवियर्स कॉलेजच्या चौकात, उघड्यावर. १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी'तलं ते मोठ्या अंड्यातून बाहेर येणाऱ्या अमिताभचं गाणं आठवा. त्यातलं नाव म्हणजे शिष्यानं गुरूला केलेला नमस्कार आहे. आपण त्या नावावर वर्षानुवर्षं नाचलो, पण माणूस कोण हे कधी विचारलं नाही. हे वाक्य लक्षात ठेवा. पुढे उपयोगी पडणार आहे.

तर आता लोधिवली.

आपल्यातल्या एकाची तिथे दीड एकर जागा आहे. शेतात जुनं कौलारू घर, त्याला पत्र्याची लांबलचक पडवी, पुढे सपाट अंगण. डोंगराच्या पायथ्याची जागा नको, हे सगळ्यांनी आधीच ठरवलं होतं. इर्शाळवाडीवर १९ जुलै २०२३ च्या रात्री काय कोसळलं हे आपल्या भागात कुणाला सांगावं लागत नाही. तेव्हापासून इथला माणूस पावसाला नुसतं "काय छान" म्हणताना जरा अडखळतो. पण ही कोजागिरी होती. पाऊस संपल्यात जमा, हळवं भात कापणीला आलेलं, हवेत तो ओल्या पेंढ्याचा वास. कुणाच्या मनात पाऊस असणार?

शाळेत ज्याला आपण वनभोजन म्हणायचो, तेच करायचं ठरलं. फक्त सोबत ऑर्केस्ट्रा. रात्री दहानंतर लाउडस्पीकर बंद, म्हणून कार्यक्रम संध्याकाळी पाचला सुरू करायचा, चंद्र वर आला की दूध प्यायचं आणि अकराला घरी. वादक चार होते. कीबोर्ड, ऑक्टोपॅड, ढोलकी आणि बासरी. चौघंही खालापूर-कर्जत भागात लग्नांत, हळदीत, जागरण-गोंधळात वाजवून घर चालवणारी माणसं. गायला आपलीच मंडळी. आणि साउंड सिस्टिम आपल्याच वर्गातल्या एकाची.

त्याचं नाव मी घेणार नाही. "भाषण कर, पण माझं नाव घेतलंस तर माइक बंद करीन," अशी त्याची अट आहे. वर्गात तो शेवटच्या बाकावर, खिडकीकडे बसायचा. नववीत एक वर्ष मागे राहून आपल्यात आला. आपण त्याला काय काय म्हणायचो ते मी इथे उच्चारत नाही, पण तुमच्यातल्या अनेकांच्या ओठांवर आत्ता ते टोपणनाव आलंय, हे मला इथून दिसतंय.

दुपारचं जेवण म्हणाल तर तांदळाच्या भाकऱ्या, वालाचं बिरडं, सुक्या बोंबलाचं कालवण आणि जेवणानंतर अंगणात मांडलेल्या खुर्च्यांवर सामुदायिक घोरणं. बाईसुद्धा आल्या होत्या. त्यांनी आमची घोरण्याची हजेरी घेतली.

साडेचारला वाद्यं जुळवायला सुरुवात झाली. त्याच वेळी इर्शाळच्या सुळक्यामागून ढग वर यायला लागला. परतीच्या पावसाची हीच तऱ्हा. सकाळभर कडक ऊन, आणि दुपार कलली की घाटाच्या बाजूनं काळा डोंगर चालत येतो. पाच वाजता पहिलं गाणं झालं. दुसऱ्या गाण्यात लांबवर वीज चमकली. मी निवेदन करत होतो. माझं लक्ष आपल्या साउंडवाल्याकडे गेलं, तर तो मिक्सरजवळ उभा राहून बोटं मोजत होता. गडगडाट ऐकू आला तेव्हा त्याची नऊ बोटं झाली होती.

गाणं संपल्यावर तो माझ्यापाशी आला आणि हळूच म्हणाला, "नऊ सेकंद. तीन किलोमीटरवर आहे. बंद करू या."

विज्ञानाच्या सरांनी आठवीत शिकवलेलं आठवतंय का? प्रकाश लगेच दिसतो, आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, म्हणून वीज दिसल्यापासून गडगडाटापर्यंतचे सेकंद मोजा, तिनाने भागा, किलोमीटर मिळतील. सर, तुम्ही इथे बसला आहात म्हणून सांगतो. त्या घटकात मला पैकीच्या पैकी गुण होते. आणि तो घटक चाळीस वर्षांनी, उघड्या अंगणात, लोखंडी स्टँड आणि जनरेटरच्या वायरींमध्ये उभा राहून वापरणारा आमच्यात एकच जण निघाला. तो त्या परीक्षेत नापास झाला होता.

मी काय म्हणालो? मी म्हणालो, "अरे, तीन किलोमीटर म्हणजे अजून चौकच्या पलीकडे आहे. ढग वळेल. सगळे मूडमध्ये आहेत, तू कशाला घाबरतोस?" आणि त्यापुढे मी त्याला ते शाळेतलं टोपणनाव लावलं. सगळे हसले. तोही हसला. आणि जाऊन मिक्सरजवळ उभा राहिला.

पुढच्या गाण्याचं दुसरं कडवं पूर्ण झालं नाही. आधी वारा आला आणि कागद उडाले. मग टपोरे थेंब, आणि मग कुणीतरी वरून घमेलं उपडं करावं तसा पाऊस. त्यानं सर्वांत आधी धावत जाऊन जनरेटर बंद केला. त्या एका गोष्टीमुळे आज आपण सगळे इथे धडधाकट बसलो आहोत, असं मला वाटतं. आम्ही खुर्च्या डोक्यावर घेऊन पडवीकडे पळत होतो, ओरडत होतो, व्हिडिओ काढत होतो. तो एकटा उलट दिशेनं, स्टेजकडे गेला. त्याच्याकडे ताडपत्री एकच होती. ती त्यानं कीबोर्डवर टाकली आणि कीबोर्ड ताडपत्रीसकट उचलून पडवीत आणला. मग ऑक्टोपॅड. मग माइक. स्वतःचा मिक्सर आणायला तो गेला तेव्हा मिक्सरच्या बटणांमध्ये पाणी उभं होतं.

नंतर मी त्याला विचारलं, ताडपत्री मिक्सरवर का नाही टाकलीस? तो म्हणाला, "कीबोर्ड त्या पोराचा आहे. त्याची दुसऱ्या दिवशी हळद होती वाजवायला."

पडवीत मग काय झालं ते तुम्हाला फोटोंतून माहीत आहे. वीज नाही, माइक नाही. ढोलकीचं कातडं ओलाव्यानं उतरलेलं, म्हणून ढोलकीवाला ती चुलीपासून हातभर अंतरावर धरून शेकत बसला. पत्र्यावरचा पाऊस आमच्यापेक्षा कितीतरी मोठ्यानं वाजत होता. पहिली दोन गाणी तर गाणाऱ्याशिवाय कुणालाच ऐकू गेली नाहीत. मग बाई म्हणाल्या, "एकेकटे गाऊ नका, प्रार्थनेला उभे राहायचात तसे उभे राहा." आणि आम्ही पंचवीस-तीस जण, पन्नाशी उलटलेले, उंचीप्रमाणे रांगेत उभे राहिलो. काहींची उंची तीच होती, रुंदीनं घोळ केला. बासरीवाल्यानं सूर दिला आणि आम्ही गायलो. बेसूर, पण एकत्र. ती वीस-पंचवीस मिनिटं खरंच सुंदर होती. ते मी नाकारत नाही. आज जे सांगणार आहे त्यामुळे ती खोटी ठरत नाहीत.

त्याच वेळी शेजारच्या शेतात एक कुटुंब कापून पसरलेलं भात गोळा करायला धावत होतं. आपला साउंडवाला गाण्यात नव्हता. तो बांध ओलांडून त्यांच्यासोबत भारे उचलत होता. ते पाहून आमच्यातले सात-आठ जण गेले. मीही गेलो, शेवटी. जेवढं पत्र्याखाली आलं तेवढं आलं, बाकीचं भिजलं. ओलं भात किती जड लागतं हे मला त्या दिवशी कळलं. शेतकऱ्याच्या घरी जन्मलेल्या माणसाला हे पन्नाशीत कळावं, हे काही भूषण नाही.

रात्री आभाळ निवळलं. चंद्र आला, धुवून काढल्यासारखा. दुधात थोडा पाऊस आणि थोडा धूर मिसळला होता. सगळ्यांनी दोन-दोन पेले प्यायले, वादकांचे पैसे दिले, आचाऱ्याचे दिले, खुर्च्यांचे दिले. एकमेकांना मिठ्या मारल्या आणि निघालो.

महिनाभरानं, तुळशीच्या लग्नानंतर, माझ्या पुतणीच्या साखरपुड्यासाठी साउंड हवा म्हणून मी त्याला फोन केला. तो म्हणाला, "देतो, पण मिक्सर भाड्यानं आणावा लागेल, एवढा खर्च वर धर." मी विचारलं, तुझा कुठे गेला? तो म्हणाला, "तो कोजागिरीलाच गेला."

मिक्सर गेला होता. दोन स्पीकरही फाटल्यासारखे वाजत होते. सगळा सेट त्यानं कर्जावर घेतला होता आणि हप्ता महिन्याच्या महिन्याला जात होता. ऐन लग्नसराईच्या तोंडावर तो दुसऱ्याचा मिक्सर भाड्यानं आणून कामं करत होता. म्हणजे मिळणाऱ्या पैशातले निम्मे तिकडेच. हे त्यानं ग्रुपवर टाकलं नाही. 'अविस्मरणीय'च्या खाली त्याचाही एक अंगठा होता.

मी त्याच्या घरी गेलो. खिशात पाकीट घेऊन गेलो होतो. त्यानं पाकिटाला हात लावला नाही. म्हणाला, "मदत नको." मग थोडा थांबला आणि म्हणाला, "पण तुम्ही एक विसरलात. माझं भाडंच दिलेलं नाही."

मित्रांनो, मला जागच्या जागी मेल्यासारखं झालं. खरंच दिलं नव्हतं. वादकांना दिलं, आचाऱ्याला दिलं, दुधवाल्यालासुद्धा दिलं. याला द्यायचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही. तो आपला ना! आपल्यातले डॉक्टर आपल्याला फुकट तपासतात, वकील फुकट सल्ला देतात, हे खरं. पण त्यांच्या वेळेला आपण मान देतो. ते "उद्या ये" म्हणाले तर उद्याच जातो. याच्या बाबतीत मात्र त्याचं सामान, त्याचा दिवस आणि त्याचं म्हणणं, तिन्ही आपण फुकट धरलं.

मी म्हटलं, बिल दे. त्यानं पावतीपुस्तक काढलं आणि रीतसर बिल लिहिलं. एका दिवसाचं साउंडचं भाडं, त्यात 'मित्र म्हणून सवलत १० टक्के'. जनरेटरचं डिझेल. आणि खाली, दुरुस्ती व मिक्सर, एकूण रकमेच्या निम्मे. मी विचारलं, निम्मे का? त्याचं उत्तर मी शब्दशः सांगतो.

"निम्मी चूक माझी. मला माहीत होतं, बंद करायला पाहिजे. तू हसलास म्हणून मी थांबलो. धंदा माझा, वीज मोजता मला येते, आणि ऐकलं तुझं."

ते बिल ग्रुपवर टाकलं. दोन दिवसांत पैसे जमले. मिक्सरची उरलेली निम्मी रक्कमही जमली, पण ती त्यानं परत केली. मग ती कुठे गेली, ते शेवटी सांगतो.

या गोष्टीनंतर मला एक जुनी हकिगत वाचायला मिळाली. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये टँगलवूड नावाची जागा आहे. तिथे १९३७ च्या ऑगस्टमध्ये बॉस्टन सिंफनी ऑर्केस्ट्राचा कार्यक्रम मोठ्या तंबूत चालू होता. लोक डबे घेऊन हिरवळीवर येऊन बसत, अगदी आपल्या वनभोजनासारखे. त्या संध्याकाळी वादळी पाऊस आला. पावसाच्या आवाजापुढे ऑर्केस्ट्रा ऐकू येईना, वादन थांबवावं लागलं, तंबू गळायला लागला, वाद्यं ओलावली. तेव्हा महोत्सवाच्या प्रमुख गर्ट्रूड रॉबिन्सन स्मिथ या बाई मंचावर आल्या आणि म्हणाल्या की पाहा, म्हणूनच आपल्याला पक्कं छप्पर हवं. भिजलेल्या श्रोत्यांनी तिथल्या तिथे देणग्या दिल्या आणि पुढच्याच वर्षी, १९३८ च्या ऑगस्टमध्ये, तिथे मोठी शेड उभी राहिली. आजही तिथे दर उन्हाळ्यात कार्यक्रम होतात.

मला त्या हकिगतीत आवडलं ते असं की ती माणसं भिजली आणि "काय मजा आली" एवढं म्हणून घरी गेली नाहीत. भिजण्याची किंमत कोण मोजतंय, हे त्यांनी त्याच रात्री पाहिलं. आम्हाला पाहायला महिना लागला.

गुरुजनहो, एक गोष्ट तुमच्यासमोर कबूल करायची आहे. पहिला नंबर, शेवटचा बाक, हुशार, ढ, हे सगळं तुम्ही वर्षअखेरीला हजेरीपट मिटवून कपाटात ठेवलंत, आणि पुढच्या जूनमध्ये कोरा हजेरीपट उघडलात. तुमचा त्यात काही दोष नाही. जुना हजेरीपट आम्हीच बगलेत धरून चाळीस वर्षं फिरलो. त्या दिवशी अंगणात वीज नऊ सेकंदांवर असताना निर्णय घेणारा माणूस मी नव्हतो, तो होता. पण मी पहिल्या बाकावरचा आणि तो शेवटच्या. म्हणून मी बोललो आणि तो गप्प बसला. अँथनी गोन्साल्विस कोण हे न विचारता आपण नाचलो, तसंच आपल्या प्रत्येक मेळाव्याला मागे वायरी जोडणारा, पाणी भरणारा, खुर्च्या मांडणारा आपल्यातला कोण, हेही आपण विचारत नाही. आता विचारू या. त्याला काय कळतं तेही विचारू या. आणि त्याचं बिल मागून घेऊ या.

आता त्या परत आलेल्या रकमेचं. ती त्याच्याच सांगण्यावरून शेजारच्या त्या शेतकरी कुटुंबाकडे घेऊन गेलो. त्यांनीही पैसे घेतले नाहीत. आपल्याकडची माणसं अशी अवघड आहेत. शेवटी त्या पैशांच्या दोन मोठ्या ताडपत्र्या घेतल्या. एक त्यांच्या खळ्यावर आहे. दुसरी आज या स्टेजच्या मागे घडी घालून ठेवली आहे. तिच्यावर आपल्या तुकडीचं नाव रंगवलं आहे, आणि कुणाला कार्यक्रमासाठी लागली तर ती फुकट मिळेल. साउंड मात्र फुकट मिळणार नाही.

आजचा साउंड त्याचाच आहे. त्याचं बिल मेळाव्याच्या खर्चात पहिल्या क्रमांकावर लिहिलं आहे, मी स्वतः पाहून आलोय. त्यात सवलत दिसली नाही. विचारलं तर म्हणाला, "नव्या मिक्सरला सवलत माहीत नाही."

अजून दोन किस्से सांगायचे होते, पण मघापासून तो मिक्सरजवळून मला हातानं खूण करतोय. वेळ संपली म्हणतोय. या वेळी मी हसणार नाही, आणि तुम्हीही हसू नका.

त्यानं 'बंद' म्हटलं की बंद.